एल्मीर आत्याची चकचकीत बंदूक

एल्मीर आत्याला काहीही विचारा, उत्तर एकच. "झालं समज."

बोटीचं इंजिन खाऱ्या पाण्यानं अडकलंय, निघेल का? "झालं समज." पंखा तुटलाय, उद्या कोळंबीला जायचंय. "झालं समज." हे म्हणताना ती हनुवटी डावीकडे उडवते आणि हात पुसायचं फडकं खांद्यावर टाकते, जणू काम कालच झालं आणि तुम्ही उगाच उशिरा आलात. मी घरी हे करून दाखवते तेव्हा आई पोट धरून हसते. बाबा हसत नाहीत. ते ताटातला भात निरखून बघतात, कारण एल्मीर त्यांची मोठी बहीण आणि लहानपणापासून त्यांनी हे "झालं समज" कान किटेपर्यंत ऐकलंय.

धक्क्यावर आत्याची पत्र्याची शेड आहे. बायूवरच्या, म्हणजे आमच्या संथ खाडीवरच्या, निम्म्या बोटी तिथूनच दुरुस्त होऊन जातात. आत्या साठीला आलीय, बुटकी, रुंद, आणि तिच्या हातांना साबणानं कधीच न जाणारा ग्रीसचा वास आहे. नवरा गेल्यावर लोकांना वाटलं होतं की शेड बंद करून ती मुलीकडे ह्यूस्टनला जाईल. तिनं शेडला दुसरा दिवा लावला.

ही गोष्ट तिच्या बंदुकीची. म्हणजे आधी आजोबांच्या बंदुकीची.

आमचे आजोबा ओनेझिम वेरे. त्यांच्याकडे बारा बोअरची पंपाची बंदूक होती, पुढचं लाकूड मागे ओढलं की रिकामं काडतूस बाहेर आणि पुढे ढकललं की नवं आत. खर्रक-छक. तो आवाज खाजणात कुठूनही आला तरी लोक म्हणायचे, ओनेझिम बसलाय. आणि बसायचे कुठे, तर शेपटीच्या तळ्यावरच्या लपणात. आमच्या घराची खाजणाची जी पट्टी आहे ना, तिच्या टोकाला शेपटीसारखं वळलेलं तळं आहे. त्याच्या काठी बोरूच्या गवतानं झाकलेली फळ्यांची पेटी, तेच लपण. आत्या सहा वर्षांची असल्यापासून त्या पेटीत आजोबांच्या उजव्या गुडघ्याशी बसलेली. बाबा नंतर आले, ते डाव्या गुडघ्याशी.

आजोबा गेले त्याच्या आदल्या ख्रिसमसला, गंबोची, म्हणजे आमच्या दाट कोळंबीच्या रश्श्याची, दुसरी वाटी संपवून, ते सगळ्यांसमोर म्हणाले, "लपण वाटायचं नाही. लपण बंदुकीबरोबर जाईल. मी गेल्यावर मोसमाच्या पहिल्या सकाळी जो ह्या बंदुकीनं बदक पाडेल, त्याचं." आणि बटाट्याच्या सॅलडकडे वळले. आमच्याकडे मृत्युपत्र असंच होतं. साक्षीदार पंधरा आणि सगळ्यांची तोंडं भरलेली.

मग ते गेले, आणि त्याच वर्षी मोसम सुरू व्हायच्या आधी वादळ आलं. खाजणातली आमची लाकडी खोली, जिला आम्ही कँप म्हणतो, ती वाऱ्यानं उचलली आणि कुठे ठेवली ते अजून सापडलेलं नाही. बंदूक सापडली. चिखलात, खुंटीसकट, भिंतीच्या एका फळीला लटकलेली.

बाबांनी ती उचलून आणली आणि धक्क्यावर आपटली. बाबा बोलताना दातांत काडी धरतात, त्यामुळे त्यांचं सगळं बोलणं तोंडाच्या एकाच कोपऱ्यातून येतं.

"संपली. आता प्रॅक्टिकल बोलू. बंदूक मेली म्हणजे अट मेली. बॅटन रूजचे ते दंतवैद्य लपण भाड्यानं मागतायत, पूर्ण मोसम."

"कोण मेलं?" आत्या म्हणाली.

"हे बघ ना, एल्मीर. दस्ता फुटलाय. पंप हलत नाही. ही बंदूक नाही, खेकड्यांचं घर आहे."

"टी-क्लो," आत्या म्हणाली. बाबांचं नाव क्लोविस. ते कपाटाएवढे आहेत, पण आत्यासाठी ते अजून टी-क्लो, म्हणजे छोटा क्लो. "तू तुझ्या दंतवैद्यांना सांग, दात दुसरीकडे काढा."

"ह्या मोसमाला तर ती होत नाही. पुढच्या मोसमाच्या पहिल्या सकाळीही चालली नाही, तर?"

"तर लपण तुझं. त्यात दंतवैद्य बसव नाहीतर न्हावी."

"आणि एक बदक हवं. नुसता आवाज नाही."

"झालं समज."

धक्क्यावर त्या वेळी नॉन्क तेलेस्फोर बसले होते. नॉन्क म्हणजे काका, पण ते कुणाचेच काका नाहीत, म्हणून सगळ्यांचे आहेत, आणि समोरच्याला ते "शा" म्हणतात, म्हणजे लाडके. त्यांच्या प्रत्येक वाक्याची सुरुवात "मी काही बोलत नाही" अशी होते आणि मग ते जेवणाच्या वेळेपर्यंत बोलतात.

"मी काही बोलत नाही," नॉन्क म्हणाले, "पण शा, मी ह्याच्याहून बऱ्या स्थितीतली माणसं पुरलीत."

आत्यानं बंदूक शेडमध्ये नेली.

पहिल्यांदा तिनं तिला डिझेल आणि गिअरच्या तेलाच्या मिश्रणात बुडवून ठेवलं आणि विसरून गेली. म्हणजे आम्हाला वाटलं विसरली. रोज येता-जाता ती एका पितळी ठोकणीनं स्क्रूंवर टकटक करायची, डॉक्टर छातीवर करतात तसं, आणि कान देऊन ऐकायची. "अजून नाही." एक दिवस म्हणाली, "आता." आणि स्क्रू लोण्यातून निघावा तसा निघाला. त्या एका स्क्रूसाठी तिनं एका स्क्रूड्रायव्हरचं टोक घासून नेमक्या खाचेच्या मापाचं केलं होतं. "इंजिनाचा बोल्ट तुटला तर नवा मिळतो," ती म्हणाली. "हिचा बोल्ट बनवणारा माणूस स्वर्गात बसलाय, आणि मला तिथं इतक्यात जायचं नाही."

आत जे निघालं ते तिनं एकेक करून फडक्यावर मांडलं. नळीत आजोबांनी डुकराच्या चरबीत भिजवलेलं फडकं ठासून ठेवलं होतं. नळी आतून आरशासारखी. काडतुसांच्या नळकांड्यातली स्प्रिंग मात्र गंजून भुगा. फायरिंग पिन टोकाला झिजून अर्धी. नळकांड्याला पोचा. आणि त्याच नळकांड्यात, चिखलात, आजोबांनी चाकूनं तासलेला सायप्रसचा दांडका. कायद्यानं बदकांच्या बंदुकीत तीनच काडतुसं मावली पाहिजेत, म्हणून जागा अडवायला तो असतो. एवढ्या सगळ्यात फक्त त्यालाच काही झालं नव्हतं. आत्यानं तो शर्टाला पुसला, वास घेतला आणि खिडकीत ठेवला.

पोचा काढायला तिनं एका मोडक्या इंजिनाची पिस्टनची पिन घेतली, लेथवर जराशी उतरवली आणि तेल लावून नळकांड्यात हळूहळू ठोकत नेली. पोचा आपणहून बाहेर आला. स्प्रिंग नवी घातली. फायरिंग पिन तिनं स्वतः कातली. तीन कातल्या, दोन फेकल्या. दस्त्याची फट आतून पितळी सळई घालून चिकटवली, वरून दिसत नाही. लाकडाला पडलेले खड्डे ओलं फडकं ठेवून इस्त्रीनं उठवले. ती इस्त्री म्हणजे लग्नातली भेट, आणि माझ्या माहितीत त्या इस्त्रीनं तिनं एकही कपडा केलेला नाही.

मग आला रंग.

आजोबा दर वर्षी मोसमाआधी बंदुकीला रंग लावायचे. बोटीचा उरलेला, जो असेल तो, वर थोडी माती मिसळून. हिरवा, त्याखाली तपकिरी, त्याखाली करडा, त्याखाली पुन्हा हिरवा. आत्या खरवडायची आणि बोलायची. "हा बघ, हा करडा माझ्या लग्नाच्या वर्षीचा. सगळी बोट रंगवली होती बाबांनी, आणि लग्नाच्या फोटोत माझ्या बाहीला लागलाय. हा टी-क्लोनं बोट बुडवली त्या वर्षीचा." थर संपता संपेनात. आणि सगळ्यांच्या खाली लोखंड जवळजवळ जसंच्या तसं. पाण्याला तिथपर्यंत पोचताच आलं नव्हतं.

"बाबांनी काय रूप झाकून ठेवलं होतं," आत्या म्हणाली. तिचा आवाज जरा बदलला होता, आणि मला वाटतं, चूक तिथून सुरू झाली.

कारण आता तिला ती नुसती चालायला नको होती. ती सुंदर व्हायला हवी होती.

जुन्या पद्धतीनं लोखंड काळं करायचं म्हणजे आधी त्याच्यावर बारीक गंज येऊ द्यायचा, मग उकळत्या पाण्यात घालायचं, मग लाल गंजाचा काळा होतो, मग मऊ लोखंडी लोकरीनं घासायचं, आणि पुन्हा पहिल्यापासून. दुसरीकडे लोक ह्यासाठी दमट पेटी बांधतात. आमच्याकडे शेडचं दार उघडं ठेवलं की झालं. नळीसाठी आत्यानं पागोळीची पन्हळ दोन गॅसवर आडवी ठेवली. बारके भाग उकळायला घरातलं सगळ्यात मोठं पातेलं घेतलं. आमच्या घरात सगळ्यात मोठं पातेलं कशाचं असणार? क्रॉफिशचं, म्हणजे गोड्या पाण्यातल्या छोट्या शेवंडांचं. आजीच्या काळापासून त्यात मीठ, तिखट आणि क्रॉफिश सोडून काही शिजलेलं नाही. पातेलं घासलं तरी ते लक्षात ठेवतं.

पाणी उकळलं आणि शेडमध्ये सगळे शिंकायला लागले. नॉन्क तेलेस्फोर दारातून म्हणाले, "मी काही बोलत नाही, पण आच्छी, बटाटे आणि मका घातलास का?"

भाग बाहेर आले ते ठिपक्याठिपक्यांचे. गोवर आल्यासारखे. बाबा खास बघायला आले, एका डोळ्यावर हात धरून.

"आजारी आहे का गं ही?"

"निघ इथून."

"नाही, मी म्हणतो, बदकांना लागण होईल. परवान्यात त्याचं काय आहे ते बघून घे."

आत्यानं सगळं घासून काढलं आणि नव्या पत्र्याच्या बादलीत, पावसाच्या पाण्यात पुन्हा केलं. आणि पुन्हा. शेवटी रंग उतरला तो कावळ्याच्या पंखासारखा, काळ्यात निळा. दस्त्याला तिनं तळहातानं तेल चोळलं, संध्याकाळी जेवण झाल्यावर, लोक मांजराला चोळतात तसं. अक्रोडाच्या लाकडातल्या रेषा मधासारख्या उठल्या.

चालवायच्या आधी तिनं तिला जुन्या टायरला बांधलं, चापाला दोरी लावली आणि शेडच्या मागे उभी राहून ओढली. तीन काडतुसं. नळी, पिन, सगळं तपासलं आणि मगच खांद्याला लावली. काडतुसांवरूनसुद्धा एकदा झालंच. बाबांनी फार उदारपणे आपला डबा पुढे केला, "घे माझी." आत्यानं डब्यावरचं वाचलं आणि बाबांकडे बघितलं.

"लोखंडी छर्रे? ह्या नळीत? पुढून आवळलेली जुनी नळी आहे ही, टी-क्लो. फुलासारखी उमलेल."

"अरे हो का? मला कुठं माहीत."

"तुला सगळं माहीत असतं." तिनं स्वतः बिस्मथची काडतुसं मागवली होती, मऊ छर्ऱ्यांची. शिसं तर बदकांवर चालतच नाही आता.

मोसमाच्या आदल्या दिवशी धक्क्यावर बंदूक बघायला गर्दी. लोक हात पँटला पुसून मग धरत होते. कुणी म्हणालं, हिला चर्चमध्ये ठेवा. नॉन्क तेलेस्फोरनी ती फिरवून फिरवून बघितली. नळीवरून ऊन सरसर पळालं आणि त्यांच्या डोळ्यांत गेलं.

"मी काही बोलत नाही," ते म्हणाले, "पण ओनेझिम हिला दर वर्षी रंग लावायचा."

"गंज चढू नये म्हणून, नॉन्क. मी गंजच काढून टाकलाय."

"फक्त गंजासाठी नव्हतं, शा. वरून बदकांना—"

"पहिल्या सकाळी धुकं असतं. दर वर्षी असतं. स्वतःचं नाक दिसत नाही, बदकांना काय दिसणार?" हनुवटी डावीकडे. "मी हिच्यावर तो शेवाळी रंग फासू? झालं समज, उद्या बदक पातेल्यात."

रात्री वारा उत्तरेचा झाला.

सकाळी लपणात आम्ही तिघं होतो. आत्या उजवीकडे, बाबा डावीकडे, आणि मी मधे, कारण दोघांनाही दुसऱ्यानं नंतर काय सांगितलं असतं ह्याचा भरवसा नव्हता. धुकं नव्हतं. धुक्याचा मागमूस नव्हता. आभाळ धुतलेल्या काचेसारखं आणि पूर्वेला सूर्य आमच्या समोरून, सरळ नळीवर.

बाबांनी कॉफीचा थर्मास काढला. "वेळ ठरवून टाकू. हा संपेपर्यंत. नाहीतर तू ईस्टरपर्यंत बसशील."

"संपेपर्यंत," आत्या म्हणाली. "तसाही तू हळू पितोस."

त्या सकाळी बाबा अजिबात हळू पीत नव्हते. पहिला कप त्यांनी औषधासारखा टाकला.

पहिला थवा आला. भुलवायला पाण्यात सोडलेल्या नकली बदकांवरून एक चक्कर घेतली, पंख वाकवले, खाली यायला लागला, आत्यानं बंदूक उचलली, आणि नळी पेटल्यासारखी चमकली. थवा आभाळात उधळला, कुणी पत्त्यांचा जोड फेकावा तसा.

"अरेरे," बाबा म्हणाले आणि कप भरला.

दुसरा थवा तर उतरलाच नाही. तिसऱ्यानं लांबूनच वाट बदलली. बाबांनी मला कॉफी दिली, मी पीत नाही तरी. आत्याला दिली. स्वतः घेतली. थोडी बाहेर पाण्यात सांडली, "चुकून."

"एल्मीर, किती सुंदर आहे गं," ते म्हणाले. "दंतवैद्यांना सांगतो, आरशासकट लपण."

 आत्या मांडीवरच्या बंदुकीकडे बघत होती. वर्षभराचे हात होते त्यावर. मग तिला हसू फुटलं, नाकातून येतं तसं.

"म्हणजे रंग ह्याच्यासाठी होता," ती वर आभाळाकडे बघून म्हणाली. "बाबा, तुम्ही सांगितलं का नाही कधी?" आणि स्वतःच आजोबांच्या आवाजात उत्तर दिलं, जाड, घशातून, हुबेहूब, मलाही तो तसा कधी जमलेला नाही: "विचारलंस कधी? तुला सगळं आधीच येत होतं."

तिनं पंप मागे ओढून काडतुसं काढली, काडतूस निघतं त्या फटीवर रुमाल गुंडाळला, नळीचं तोंड अंगठ्यानं झाकलं, दुसरा हात लपणाच्या फळीखाली घातला आणि मूठभर चिखल वर आणला. काळा, वास मारणारा, अस्सल चिखल. आणि फासला. नळीवर, बाजूंना, त्या मधाच्या रेषांवर. नीट, एकही जागा न सोडता, केकवर क्रीम लावावं तसा.

बाबांच्या तोंडातली काडी खाली पडली. "अगं, वेडी झालीस का? दस्ता! दस्त्याला तरी नको!"

"दस्तासुद्धा चमकतो."

"वर्षभर घासत होतीस!"

"कॉफी किती उरलीय?"

बाबांनी थर्मास हलवला. तळाशी खळखळलं. एक कप, फार तर.

तिनं काडतुसं भरली. आम्ही खाली वाकलो. बाबांनी शेवटचा कप ओतला आणि ओठाला लावला, आणि तेव्हाच करड्या बदकांची जोडी आली, उंचावरून, तळ्याच्या पलीकडून, थांबायचा काही विचार नसल्यासारखी. ती निघूनच चालली होती. मी बाबांकडे बघितलं. त्यांचा हात कपावर होता. मान बदकांबरोबर वळत होती. ओठ हलायला लागले होते.

आमच्या बायूवर बदकांची शिट्टी बाबांएवढी कुणाला येत नाही. त्यांनी कप फळीवर ठेवला, गळ्यातली शिट्टी तोंडात घातली आणि फुंकली. गोड, जवळची, पोट भरलेल्या बदकिणीची. इथं आहे सगळं, या, बसा. बदकं वळली.

"टी-क्लो," आत्या कुजबुजली.

"गप्प बस आणि वाकून रहा!"

बदकं आली. पंख वाकवून, पाय पुढे काढून. आत्या उठली. पहिली गोळी मागे पडली, पाणी उडालं, बदकं सरळ वर. आणि मग तो आवाज. खर्रक-छक. आधी चिखलात आणि मग वर्षभर शेडमध्ये राहिलेला. रिकामं काडतूस माझ्या टोपीवरून उडालं. बाबांच्या तोंडात शिट्टी तशीच होती पण त्यातून हवा निघत नव्हती. दुसरी गोळी. नर आभाळातच दुमडला आणि नकली बदकांच्या मधे पडला, धप्प.

 फळीवरच्या कपात अजून वाफ होती.

"जा, आण," आत्या म्हणाली.

बाबा निमूटपणे होडी ढकलत गेले आणि बदक घेऊन आले. परत येताना मी विचारलं, "बाबा, शिट्टी का मारलीत?"

"बदकं निघून चालली होती!" ते ओरडले, माझ्यावर, जणू चूक माझी होती. "आयती! मी काय नुसतं बघत बसू?"

धक्क्यावर नॉन्क तेलेस्फोर वाट बघत होते. त्यांनी बदक बघितलं. चिखलानं लडबडलेली बंदूक बघितली. "मी काही बोलत नाही," ते म्हणाले, आणि माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच, खरंच बोलले नाहीत.

दुपारी शेडमध्ये आत्यानं बंदूक उघडली, धुतली, तेल दिलं, सायप्रसचा दांडका पुन्हा जागेवर घातला. क्षणभर ती पुन्हा काळी-निळी झाली, आणि आत्यानं तिच्याकडे शेवटचं नीट बघून घेतलं. मग बाबांना म्हणाली, "तुझ्या बोटीचा तो शेवाळी रंग उरलाय का?"

बाबांनी डबा आणला. झाकण त्यांनीच उघडलं, ढवळलंही त्यांनीच. ती ब्रश मारत होती आणि ते डबा धरून उभे होते, नको त्या जागा बोटानं दाखवत. "इथं राहिलं. इथं. नळीच्या खाली."

"दिसतंय मला."

 मग काडीच्या कोपऱ्यातून, कुणाला ऐकू जाऊ नये असं, "पुढच्या शनिवारी लपणात येऊ का मी?"

आत्यानं ब्रश न थांबवता हनुवटी डावीकडे उडवली.

"ये. पण मोठा थर्मास आण."